नात्याचा रकाना

प्रिय मनू,

हे नाव बारशातलं नाही. तू पोटात असतानाच गौरीनं, तुझ्या आईनं, तुला ते पाडलं. बारशापर्यंत तू राहिली नाहीस. नऊच दिवस.

आज लिहितोय, कारण उद्या अबुधाबीला जायचंय. चार महिने झाले, तुझी आई तिथे माहेरी आहे. काल तिचा फोन आला, "रक्ताच्या टेस्टला येणार असशील तर फॉर्म खरा भर. नाहीतर रास अल खैमातच राहा."

थकलोय गं. भांडायलाही जोर उरला नाही.

तुझ्या अंगाला कुठे हात लागला की फोड यायचे. दुपट्याची शिवणसुद्धा सोसायची नाही. तुझ्या नावाची पट्टी मनगटाऐवजी पाळण्याला अडकवलेली बघून मी नर्सवर ओरडलो, माझी मुलगी बदलली तर? तिनं तुझं मनगट दाखवलं. आधी पट्टी बांधली होती तिथली कातडी सोलून निघाली होती. तेव्हा सॉरी म्हणायला काय झालं होतं मला?

मग डॉक्टरांनी विचारलं, "शादी से पहले आप दोनों रिश्तेदार थे?"

माझं डोकं फिरलं. नाही म्हणालो.

अगं, तुझ्या आईचे बाबा माझे सख्खे मामा! मामाची मुलगी आपल्यात हक्काची. लपवण्यासारखं काय होतं त्यात? पण तिला रुवैसच्या तेल रिफायनरीतल्या इंजिनिअरचं स्थळ आलं, तेव्हा तिच्यासाठी मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, टाइल्सच्या फॅक्टरीत लागलो, मामांच्या हातापाया पडलो. त्या सगळ्यालाच कुणी रोग म्हणतंय असं वाटलं. हा प्रश्न इथे सगळ्यांनाच विचारतात, हे गौरीनं नंतर सांगितलं. हा आजार आम्हा दोघांच्या रक्तातून आला का, ते तपासायला त्यांनी रक्त मागितलं, तेही दिलं नाही मी. खलास, म्हणालो, माझ्यात काही दोष नाही.

तू माझ्या खोट्यामुळे गेली नाहीस, हे ती मानते. "पण पुढच्या बाळाचं विचारायला मी कुणाकडे जाऊ, रोहन?" एवढंच बोलली आणि बॅग भरली.

तुला कुशीत घेता आलं नाही. मोजा घातलेलं बोट तुझ्याशेजारी चादरीवर ठेवून बसायचो. तू ते कधी धरलं नाहीस. बरं केलंस.

लाज वाटते, पण तुझ्याआधी तिचीच आठवण येते. रागावशील का?

शब्द देतो, मनू. उद्या फॉर्म मीच भरीन. नात्याच्या रकान्यात 'मामाची मुलगी' असं स्वच्छ अक्षरात लिहीन आणि रक्त द्यायला हात पुढे करीन. रिपोर्ट काहीही येवो, गौरी माझ्यासोबत परत येवो न येवो, तिच्यावर आवाज चढवणार नाही.

तुझा बाबा,
रोहन