माझा फॉर्म कोणी भरला

प्रिय दादा,

तुझी मुंगी दुपारच्या गाडीने निघतेय आणि हे पाकीट तिच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे. वाचायला बसण्याआधी तिला जेवायला वाढ, नाहीतर तुझा चेहरा बघून पोरगी उपाशी झोपायची. फोन का केला नाही असं विचारशील, तर फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस. गेल्या रविवारी मी "तिला आवडतंय इथं" एवढंच म्हणाले आणि पुढची दहा मिनिटं तुझंच ऐकत बसले. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा उद्योग.

आधी बातमी सांगून टाकते. अर्ज तिने काल माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरला. पहिल्या पसंतीला इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे माझंच ते मोजमापाच्या यंत्रांचं शिक्षण, तेही तुमच्या घरापासून तासाभरावरच्या त्या लहानशा इंजिनिअरिंग कॉलेजात. ज्या मोठ्या विज्ञानसंस्थेत ती भौतिकशास्त्र शिकणार असं तू तुझ्या अख्ख्या विमा कचेरीला सांगून बसलायस, ती दुसऱ्या क्रमांकावर आहे. खाली पालकाच्या सहीची जागा रिकामी आहे आणि अर्ज गुरुवारपर्यंत पोचवायचाय. तू सही करणार, की त्या दोन ओळींची अदलाबदल करायला लावणार, एवढाच प्रश्न आता उरलाय. बस जरा. पाणी पी.

तू म्हणशील, बारकीने पोरीचे कान भरले. दादा, शपथेवर सांगते, मी उलटं करायला गेले होते. तूच तिला माझ्याकडे धाडलंस ना, की आत्याची चित्तरकथा तिच्याच तोंडून ऐक म्हणून? "माझी भीड बाळगू नकोस, मी तुझ्यावर काय लादलं ते तिला सगळं सांग," असं मला बजावलंस. आपला गुन्हा लेकीला ऐकवायला तिला बहिणीच्या घरी पाठवणारा बाप मी तरी दुसरा पाहिला नाही. मला हसू आलं आणि मग बराच वेळ वाईटही वाटलं.

तर मी ठरवलं, दोन आठवडे तिला माझ्या प्रयोगशाळेत नेऊन चांगली कंटाळवून टाकायची, म्हणजे ती आपणच भौतिकशास्त्र धरेल. आमची जागा तुला माहीतच आहे. तळघर, एकामागे एक दोन दारं, ऐन उन्हाळ्यातही अंगात स्वेटर, कारण खोली कायम वीस अंशावर. दुकानांचे, दवाखान्यांचे, कारखान्यांचे वजनकाटे आमच्याकडे तपासायला येतात. वजनं हाताने उचलायची नाहीत, चिमट्याने धरायची, कारण बोटांचा घामसुद्धा वजनात धरला जातो. आमचे साहेब तर काट्यासमोर श्वासही जपून सोडतात. सव्वीस वर्षं आम्ही शेजारी काम करतोय आणि आमचं एकमेकांशी एकूण बोलणं एका दुपारीत संपेल एवढंच असेल. मुंगीसारख्या वळवळ्या पोरीला इथं दोन दिवसही काढवणार नाहीत, अशी माझी खात्री होती.

तिसऱ्या दिवशी मी तिला सगळ्यात रटाळ काम दिलं. एका दवाखान्यातून तान्ह्या बाळांचा वजनकाटा आला होता. तीन किलोचं वजन मधोमध ठेवायचं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, लिहायचं, वजन उचलायचं, पुन्हा ठेवायचं. असं दहा वेळा. मी माझ्या कामाला लागले. थोड्या वेळाने बघते तर बाईसाहेबांनी वजन डोक्याकडच्या कोपऱ्यात सरकवलेलं. मी ओरडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "बाळ मधोमध कुठे झोपतं गं, आत्या?" मधोमध काटा अगदी बरोबर होता. कोपऱ्यात ऐंशी ग्रॅम जास्त दाखवत होता. कोपऱ्यांची तपासणी आम्ही नंतर करणारच होतो, नियमच आहे तसा, पण तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. साहेब खुर्चीवरून उठले, येऊन बघितलं आणि "हं" म्हणाले. दादा, मला ते "हं" मिळायला चार वर्षं लागली होती.

काटा दुरुस्त झाल्यावर परत द्यायला मी तिला सोबत नेलं. तिथल्या नर्सबाईंना तिने समजावून सांगितलं की एका आठवड्यात बाळ मध्ये झोपलं आणि पुढच्या आठवड्यात वर सरकलं, तर अंगात काही न भरताही ते वाढल्यासारखं दिसलं असणार. नर्सबाईंनी लगेच नोंदवही काढली आणि ज्यांचं वजन जेमतेम वाढत होतं, अशी अकरा बाळं पुन्हा बोलवायला काढली. मुंगीने एकेक नाव वाचून दाखवलं. परतताना बसमध्ये ती तीच अकरा नावं बोटांवर मोजत होती.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की माझा डाव माझ्यावरच उलटलाय. मग तुझी बाजू मी जीव तोडून मांडली. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भौतिकशास्त्रात संशोधन करणारी एक मुलगी राहते, हुशार आणि गोड. तिच्याकडे मुंगीला चहाला नेऊन बसवलं. दोघी दोन तास बोलत होत्या आणि मी मनात म्हटलं, चला, दादा जिंकला. जिना उतरताना मुंगी म्हणाली, "तिला जे शोधायचंय ना, ते मला कळलं आत्या. भारी आहे. पण ते मला शोधायचं नाहीये." नंतर अगदी साधं बोलली. तिला म्हणे, दुसरे ज्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, तो आकडा खरा आहे ना, हे बघायला आवडतं. नोकरी म्हणून नाही, मोठं व्हायचं म्हणून नाही. नुसतं आवडतं.

आता तुझ्याबद्दल. बाबा वर्षातले दहा महिने जहाजावर, म्हणून घरातले फॉर्म भरण्याचं खातं तुझ्याकडे. तू बावीसचा, मी सतराची. मी भौतिकशास्त्र लिहून दिलेला फॉर्म तू मला न विचारता खोडलास, वर इन्स्ट्रुमेंटेशन लिहिलंस, कारण तिथे नोकरी नक्की होती, आणि देऊन आलास. संध्याकाळी मला सांगितलंस तेव्हा तुझे कान लाल झाले होते. त्यानंतर तू एकही वाढदिवस सोडला नाहीस. दर वर्षी ग्रहताऱ्यांवरचं एक जाडजूड पुस्तक. खरं सांगते, तिसऱ्या प्रकरणापुढे मी एकातही गेलेले नाही. पहिला बोनस मिळाल्यावर तू दुर्बीण आणलीस. ती आजही खिडकीत उभी आहे. तिच्यातून मी समोरच्या इमारतीवरची टाकी भरून वाहतेय का ते बघते आणि वॉचमनला फोन करते. अख्ख्या गल्लीत माझ्याइतकं पाणी कुणी वाचवलं नसेल.

हे सगळं मी तुला कधी बोलले नाही, कारण तुझं ते वाईट वाटणं मला फार सोयीचं होतं. भांडणात माझी बाजू लंगडी पडली की मी हळूच म्हणायचे, "माझा फॉर्म तूच भरलास ना?" आणि तू माघार घ्यायचास. मोठी खोली मला मिळाली. बाबांचं घड्याळ मला मिळालं. इथपर्यंत गंमत होती. पण आई अंथरुणाला खिळली तेव्हाही मी तेच वाक्य वापरलं. म्हटलं, ज्या नोकरीत तू मला ढकललंस ती सोडून मी येऊ कशी? वहिनीने आणि तू दोन वर्षं तिचं सगळं केलंत आणि मी पाहुणीसारखी येऊन जात होते. वहिनीने त्याचा उल्लेखसुद्धा कधी केला नाही. त्या वाक्याची मला फार लाज वाटते, दादा. आज पहिल्यांदा ते लिहून काढतेय.

आणि आता खरं ते सांगते, कारण हे पत्र त्याचसाठी लिहायला घेतलं. फॉर्म दिल्यावर दुरुस्तीसाठी दोन दिवस मिळत. मैत्रिणीकडे जाते सांगून मी कॉलेजच्या कार्यालयात गेले होते. तू खोडलेलं परत लिहायला. रांग लांब होती आणि शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक बाई दाब मोजायचं यंत्र तपासत होत्या. छोटं वजन ठेवायच्या, काचेवर नखाने टकटक करायच्या, काटा थांबेपर्यंत थांबायच्या, लिहायच्या. मी रांग सोडून दारात जाऊन उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मी खिडकीपाशी पोचले तेव्हा रांगेत मी एकटीच उरले होते. कारकुनाने फॉर्म माझ्यापुढे सरकवला, पेन दिलं आणि विचारलं, काय बदलायचंय? मी म्हटलं, काही नाही. घरी आले तर तू आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चहा करून माझ्यापुढे ठेवलास, माझ्याकडे न बघता. तुझं ते तोंड बघून मला मजा वाटली. म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगू. त्या उद्याला चौतीस वर्षं झाली. तुझ्या हातून माझ्यावर अन्याय झालाच नव्हता, दादा, मी माझ्या मनाचंच केलं आणि त्यात सुखात राहिले. जे झालंच नाही त्याची भरपाई मुंगीकडून करून घेऊ नकोस. सही कर. शनिवारी मी येतेय, चांगली आठ दिवस राहायला. सगळा राग माझ्यासाठी राखून ठेव, तिच्यावर काढू नकोस.

तुझीच,
बारकी