सर्व्हेआधीचा नारळ

सोम., ३ मार्च
गुरुवारी जहाजाची तपासणी, म्हणजे सर्व्हे. पास झालं तर जहाज आणखी चालणार, नाहीतर भंगारात. जहाज गेलं की माझी नोकरी, नोकरीबरोबर या देशात राहायचा पास, पासबरोबर पुंगोलचा फ्लॅट. वै.ला एवढंच म्हटलं, ‘कामाची जरा गडबड आहे.’ एकवीस वर्षांच्या संसारात तिला हे वाक्य पाठ झालंय. ‘जरा म्हणजे किती?’ मी आंघोळीला पळालो.

मंगळ., ४
आमचं जहाज मुळात एका समुद्राएवढ्या तळ्यातलं. चाळीस वर्षं गोड्या पाण्यात धान्य वाहिलं, गंजाचं नाव नाही. मग कुण्या शहाण्याने ते स्वस्तात उचलून इथे खाऱ्या पाण्यात आणलं. आता बंदराबाहेर उभ्या जहाजांना सामान पोचवतं आणि रोज थोडं थोडं गंजतं.
दिवसभर रंगकाम. हात पोचेल तिथे रंग. कॅप्टन बर्मीज, आठवड्याला चार वाक्यं बोलतो. आज माझ्यावर एक खर्च केलं: ‘चीफ, कुकला तेवढं रंगवू नका.’

बुध., ५
वै.ने डब्याबरोबर नारळ दिला. ‘फोडा. लाजू नका.’ लाजतो कोण! जहाजाच्या नाकाशी गेलो. दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर फोडणार होतो, पण त्याचा रंग ओला. म्हटलं, डेकवरच आपटू. गणपतीचं नाव घेतलं आणि हाणला.
नारळ आत गेला.
म्हणजे डेकमधून आरपार. खाली स्टोअरमध्ये धप्पकन आवाज. वर भोक, भोवती माझा चकचकीत रंग. बोसन, आमचा खलाशांचा मुकादम, नारळ घेऊन वर आला. नारळाला साधा तडा नाही. ‘साब, ये आपका है?’

बुध., दुपार
कॅप्टन म्हणाला, सिमेंट भरून रंग मारू. मी हो म्हटलं. सिमेंट कालवायलाही सांगितलं. मग डोळ्यांसमोर बोसन आला, रोज तिथेच उभा राहून दोर ओढतो. नारळ गेला तिथे पाय जायला कितीसा वेळ? सिमेंट थांबवलं. जाम भीती वाटतेय, इथे तरी खोटं कशाला लिहू.

गुरु., ६
सर्व्हेअर म्हणजे एक बाई निघाली. तिशीच्या आतली, हातात हातोडी. तिने ठोकाठोक सुरू करायच्या आधीच भोकापाशी नेलं. ‘हाऊ यू फाइंड?’ हातोडीने, असं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, ‘कोकोनट.’ तिला वाटलं एखादं मशीन. कुठल्या कंपनीचं, विचारलं. सगळं समजावलं. हसली नाही, लिहून घेतलं. मग सगळं डेक ठोकलं. आणखी तीन जागा पोकळ.

शुक्र., ७
रिपोर्ट: डेकच्या चार प्लेटा बदला, मग पास. मालक म्हणतो, एवढं करण्यापेक्षा भंगार बरं, पक्कं काय ते सोमवारी फोन करून सांगतो.
रात्रीच्या जेवणाला वै.ला सगळं सांगून टाकलं, फ्लॅटसकट. मला वाटलं रडेल. ताटावरून उठली, पुन्हा बसली. ‘त्या परक्या बाईला भोक आधी दाखवलंत, आणि मला आज?’ मान खाली घालून आमटी ओरपली.
हात धुताना म्हणाली, ‘सोमवारी फोन आला की स्पीकरवर टाका.’