साडी की पाकीट

इंदिरानगर, नाशिक

ती. वत्सलाआक्कास,
धाकट्या वाल्मीकचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (फोनवर ते जमत नाही, म्हणून पत्र.)

सगळ्यात ताजं आधी सांगतो. माझ्या तेजलचं लग्न ठरल्या दिवशीच होणार. हे माझं मत नाही. काल संध्याकाळी विहीणबाईंनी, म्हणजे हर्षलच्या आई ज्योत्स्नाताईंनी, स्वतः फोन करून तुझ्या भावजयीला सांगितलं. फोन मला द्यायला त्यांनी आधीच मनाई केली होती म्हणे, "भाऊंकडे देऊ नका, ते लगेच मंदीवर जातात." असो. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? दाजींना म्हणावं, दिंडोरीच्या गारठ्यात पहाटे शेताकडे जायचं आता बंद करा.

तुझे उपकार मानायलाच लिहायला बसलोय, पण तू बस्त्याच्या दुकानात पोचलीस तेव्हा अर्धं घडून गेलं होतं, आणि ते तुझ्या भावजयीने तुला तिच्या बाजूने सांगितलं असणार. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

अंबडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये तीन लेथ आहेत, त्यातलं सध्या एकच चालतं. मंदी आली हे मला पेपरात वाचावं लागत नाही. त्यामुळे आमचा पक्ष म्हणतो तेच मला पटतं. सरकारने कर कमी करावा, पैसा माणसाच्या खिशात राहू द्यावा, तो खर्च करेल आणि बाजार उठेल. आमचे व्याही कोंडाजीराव ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले, त्यांचा जन्म सरकारी ऑर्डरींवर गेला, आणि पक्षही त्यांचाच सत्तेत. त्यांचं म्हणणं असं की घाबरलेला माणूस खिशातला पैसा बाहेर काढतच नाही. अशा वेळी सरकारनेच रस्ते-पूल काढावेत आणि लोकांच्या हाताला काम द्यावं. सुपारी फुटली त्या दिवसापासून आमचं हे चालू आहे. (त्या दिवशी पाहुण्यांना वाटलं, देण्याघेण्यावरून बिनसलं. एक जण मध्यस्थीला धावत आले आणि जीएसटी हा शब्द ऐकून परत जेवायला बसले.) मुलांची काही तक्रार नव्हती. आम्ही बोलायला लागलो की हर्षल आणि तेजल गच्चीवर जात, आणि आमचा विषय काही लवकर संपत नसे.

बस्त्याच्या दिवशी मात्र हद्द झाली. दोन्हीकडची वीस माणसं दुकानातल्या पांढऱ्या गादीवर, चहाचे दोन फेरे झालेले, तेजलचा शालू पसंत झालेला. राहिला आहेर. दोन्ही घरच्या मिळून अठ्ठावीस बायका, खर्च निम्मा-निम्मा. मी अगदी शांतपणे (तुझी भावजय म्हणेल ओरडून, पण दुकानात पंखे फार आवाज करत होते) सुचवलं की साड्यांऐवजी पाकिटं देऊ. जिला जे हवं ते ती घेईल. यावर कोंडाजीराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे भाऊ, तुम्ही सरकारात असता तर रस्ता करायच्या ऐवजी माणशी एक पाटी डांबर वाटलं असतं!"

सगळं दुकान हसलं. माझी पुतणीसुद्धा. मी म्हणालो, तुमच्या सरकारच्या हाती आहेर दिला तर अठ्ठावीस बायका एकाच रंगात हिंडतील. दुकानाच्या शेठने मान डोलावून त्यांची बाजू घेतली. (महिन्याभरात त्याच्या गादीवर एवढी माणसं बसली नव्हती, तो दुसरं काय करणार. तुला कर कमी झालेला नको का, असं विचारल्यावर म्हणाला, दोन्ही द्या.) तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी बोलून गेलो, "तुम्हाला काय, पेन्शनीला कुठं मंदी असते?"

आक्का, हे मी बोलायला नको होतं. कोंडाजीराव उठले, चपला घातल्या, "मग लग्नाचंच बघू काय ते," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. तेजलने खांद्यावरचा शालू उतरवला, नीट घडी घातली आणि खोक्यात परत ठेवला. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा तुला फोन गेला, आणि तू तासाभरात आलीस. एसटीने, आणि तो गुडघा घेऊन. आधी गाडीची काच वाजवून व्याह्यांना खाली उतरवलंस, मग मला बाहेर बोलावून म्हणालीस, "लय झालं तुमचं सरकार. दोघंबी टपरीवर जा, चहा प्या, अन् नखाएवढाबी राजकारणाचा शब्द काढायचा नाय." मग आत बसून एकेकीला फोन लावून विचारलंस, बाई गं, तुला साडी हवी की पाकीट? सोळा जणींनी साडी सांगितली, दहा जणींनी पाकीट, आणि दोघींनी कुकर. इतक्या दिवसांच्या वादात कुकरचा विचार ना त्यांच्या पक्षाने केला होता, ना माझ्या. हे विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

टपरीवर काय झालं ते तुला माहीत नाही. मी पेन्शनीबद्दल माफी मागितली. कोंडाजीरावांनी आणखी दोन चहा सांगितले. मग म्हणाले, हर्षलच्या कंपनीत आठवड्याला चारच दिवस काम उरलंय, तुमच्या पोरीला आम्ही कुठल्या तोंडाने घरात आणतोय असं रात्रंदिवस वाटतं; रस्ते निघाले तर त्याच्या कंपनीच्या रस्ते करायच्या मशिनींना ऑर्डर येईल, म्हणून मी बोलतो. मी म्हणालो, कर सुटला तर माझी दोन लेथ चालू होतील, म्हणून मी बोलतो. बिल त्यांनी दिलं. हे तुझ्यामुळे झालं, आक्का, आणि ते मी जन्मभर विसरणार नाही. आत आलो तेव्हा शालू परत तेजलच्या खांद्यावर होता.

पण परवा जेवताना टीव्हीवर बातमी आली, सरकार कर कमी करणार. म्हणजे त्यांचा पक्ष! लगेच आमच्या नेत्यांनी सांगितलं, कर कमी करणं हा मूर्खपणा आहे, आधी रस्ते करा. पाच मिनिटांत कोंडाजीरावांचा फोन. "भाऊ, नीट विचार केला तर पाकिटंच बरी होती." मी म्हणालो, छे, साड्याच, बाजारात माल हलला पाहिजे. अर्धा तास भांडलो. त्यांची सगळी वाक्यं माझी होती आणि माझी त्यांची. काल ज्योत्स्नाताईंनी तो फोन केला तो याच कारणाने. लग्न होणार, आणि यापुढे दोन्ही पुरुषांना कशातलं काही विचारायचं नाही, असं बायकांचं ठरलं. मला ते मान्य आहे. (मला विचारलेलं नाही.)

दाजींना नमस्कार. तुझ्या उपकारांखाली दबलेला,
वाल्मीक

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. लग्नात आशीर्वाद द्यायला मी आमच्या प्रभागातल्या नेत्यांना बोलावलंय. कोंडाजीरावांनी त्यांच्या पक्षाच्यांना. एकमेकांना आधी न सांगता, आणि घरी "राजकारण बंद" असं जाहीर केल्यानंतर. दोघेही नक्की येणार, दोघेही दोन शब्द बोलणार, आणि मंदीवरच बोलणार. मुहूर्त बारा पस्तीसचा. त्यांच्या हातून माईक काढून घ्यायची छाती ना माझी, ना व्याह्यांची. या मुद्द्यावर आमचं पूर्ण एकमत आहे. तेव्हा बारा वाजल्यापासून माईक तू धर.

दुसरी ता. क. शुक्रवारी सकाळी आठ वाजता कोंडाजीराव आणि मी गाडी घेऊन तुला न्यायला येतोय. वाटेत कराचा विषय काढायचा नाही असं ठरलंय, पण दिंडोरीपर्यंत पाऊण तास लागतो. दारात गाडी थांबली आणि आतून आवाज आले, तर काही बोलू नकोस. नुसती ओट्यावर येऊन उभी राहा.