मेजर शरभ कोणाच्या हाती जाऊ नये

मी, ईरप्पा चन्नवीर कलशेट्टी, वय चौऱ्याहत्तर, मूळ गाव मैंदर्गी, हल्ली मुक्काम सोलापूर, धंदा मोटार रिवाइंडिंग आणि कादंबरीलेखन, आज सकाळी चहा आणि हृदयाच्या गोळ्या घेऊन, पूर्ण शुद्धीवर राहून माझी शेवटची इच्छा सांगतो आहे. हात थरथरतो म्हणून मुलगी सिद्धेश्वरी लिहून घेते आहे. माझ्यावर कोणी दाब आणलेला नाही. मनात मत्सर मात्र आहे. वकिलांना विचारून घेतले, मत्सराने मृत्युपत्र रद्द होत नाही.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझी पत्नी दाक्षायणी हिला, तिच्यामागे सिद्धेश्वरीला. घराबाबत एक अट घालणार होतो, की हिंदुराव नलवडे यांच्या कादंबऱ्या या घरात कोणी वाचू नयेत. त्यावर सिद्धेश्वरी म्हणाली, "अप्पा, आई तुमच्या डोळ्यांदेखत वाचती की." खरे आहे. पूर्वी दाक्षायणी ती पुस्तके कडक भाकरीच्या डब्यामागे लपवत असे, आता उघड देव्हाऱ्याशेजारी ठेवते. अट मागे घेतो.

२. दुकानातले वाइंडिंग मशीन आणि सगळी हत्यारे माझा कारागीर सिद्धू याला. याच सिद्धूने माझ्याच दुकानात, माझेच पेन मागून घेऊन हिंदुरावांची सही घेतली होती. तरी त्यालाच देतो, कारण तांब्याची तार त्याच्याइतकी सफाईने दुसरा कोणी गुंडाळत नाही.

३. आमच्या लिंगायत पद्धतीप्रमाणे मला बसवून दफन करावे. मांडीवर माझी एक कादंबरी ठेवावी. ठेवण्याआधी मुखपृष्ठावरचे नाव नीट वाचावे. घाईत हिंदुरावांची ठेवली जाईल, घरात त्यांचीच जास्त सापडतात.

४. हे हिंदुराव कोण, हे इथे सांगणे भाग आहे. तरुणपणी सोलापुरात सैन्यभरती होती, तिथे रांगेत ते माझ्या पुढे उभे होते. बार्शीकडचा उंच गडी. टेप लावली, त्यांची छाती भरली, माझी भरली नाही. ते गणवेश घालून देशभर फिरले आणि मी पंपांच्या जळलेल्या मोटारींची तार सोडवत बसलो. दुपारी गिऱ्हाईक नसायचे तेव्हा काउंटरवर लिहायला लागलो. त्यातून 'वज्रदल' झाले, चोविसाव्या शतकातले निवडक योद्धे. शनीच्या चंद्रांवर उतरतात, बर्फाखाली लढतात, त्यांचा सेनापती मेजर शरभ. माझ्या वज्रदलात भरतीच्या वेळी छाती मोजत नाहीत. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरच तसे लिहिले आहे.

वज्रदलाच्या पुस्तकांना एसटी स्टँडवर बरी मागणी होती. मग हिंदुराव सुभेदार म्हणून निवृत्त झाले, विहिरीवरची मोटार दुरुस्तीला घेऊन माझ्या दुकानात आले, पुस्तके चाळली आणि म्हणाले, "मी बी लिवून बघू का?" मी म्हणालो, लिहा की. हे शब्द मला परत घेता आले असते तर घेतले असते. त्यांची 'रणभेदी तुकडी' पुण्याच्या प्रकाशकाने काढली. आता पोरे ती मोबाइलवर कानात घालून ऐकतात. म्हणे, खऱ्या फौजीने लिहिलेले आहे, खरे वाटते. शनीच्या चंद्रावर हिंदुराव तरी कधी गेले होते?

५. वज्रदलाची एक रीत इथे नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी स्वतःची म्हणून खपवू नये. वज्रदलाचा ध्वज उंच आणि जड असतो, एकाने पेलायचा असतो. हे मी आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेवरून घेतले. माझे वडील बाराबंदी घालून नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलत. पेलणारा थकला म्हणून काठी खाली टेकवत नाहीत. दुसरा आधी येऊन भार घेतो, मगच पहिला सुटतो. हिंदुरावांनी आपल्या कादंबरीत ही रीत उचलली आणि चुकवली. त्यांचा शिपाई दमल्यावर ध्वज खडकाला टेकवून बसतो आणि दुसरा येऊन उचलतो. सोलापूरच्या माणसाने असे कधी लिहिले नसते. मी भर कार्यक्रमात उठून त्यांना झापले. त्या कार्यक्रमात हार त्यांनाच घातला गेला.

६. आता मेजर शरभ. शेवटची कादंबरी माझ्याच्याने पुरी होत नाही. शरभ बर्फात एकटा आहे, सगळे साथी पडले आहेत, ध्वज त्याच्या हातात आहे आणि शत्रू जवळ आला आहे. वाचक विचारतात, पुढे काय. माझा हात चालत नाही आणि माझ्यामागे शरभला पुढे नेऊ शकेल असा एकच माणूस आहे, हे मला माहीत आहे. म्हणून सांगतो, की आहे त्या पानावर 'मेजर शरभ तिथेच संपला' एवढे एक वाक्य घालून पुस्तक छापावे आणि शरभवर यापुढे कोणीही काहीही लिहू नये. तो माझा आहे. माझ्याबरोबर जाईल.

७. या मृत्युपत्रावर पहिला साक्षीदार म्हणून हिंदुराव नलवडे यांना बोलावले आहे. वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचे आहे त्याची साक्ष घेऊ नये. हिंदुरावांना काही मिळू नये याची मला खात्री करायची आहे, म्हणून साक्षीला तेच.

इथपर्यंत लिहून झाले तेव्हा हिंदुराव आले. पुढे जे झाले ते मृत्युपत्रातच घ्यावे, असा दाक्षायणीचा आग्रह आहे.

दाक्षायणीने त्यांना कडक भाकरी आणि दही घातलेली शेंगाची चटणी दिली. मला डॉक्टरांनी चटणी बंद केली आहे, आणि त्याच दुसऱ्या साक्षीदार म्हणून समोर बसल्या आहेत. हिंदुरावांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून सगळे वाचले. चौथ्या कलमापाशी थांबून म्हणाले, "त्या दिवशी मी श्वास भरून धरला हुता. म्होरच्यानं सांगितलं, म्हणून. तुमाला कुणी सांगितलंच न्हाय व्हय?"

मला कोणी सांगितले नव्हते.

सहावे कलम त्यांनी दोनदा वाचले. म्हणाले, "शरभला मारू नका."

"मग तुम्हाला देऊ?"

"मेल्यावर देऊ नका. मेल्यावर दिलं म्हंजे काठी खडकाला टेकवल्यागत झालं. तुमीच झापलं हुतं की मला, समद्यांच्या म्होरं. आधी दुसऱ्यानं भार घ्यायचा, मग पयल्यानं सुटायचं. उद्यापासनं येतो. तुमी सांगा, मी लिवतो. चुकलं तर झापा."

मी दाक्षायणीकडे पाहिले. ती म्हणाली, "व्हय म्हणा की. सगळी वाटणी नीट केली, आन् त्या एकट्यालाच कशाला मारताय? त्यानं तुमचं काय खाल्लंय?"

बरे वाटत होते आणि जळफळाटही होत होता, दोन्ही एकदम.

८. सबब कलम सहा रद्द. मेजर शरभ मी आजच, जिवंतपणी, हिंदुरावांच्या खांद्याला लावून देत आहे. मी अजून सुटलेलो नाही, हे त्यांनी लक्षात ठेवावे. मुखपृष्ठावर माझे नाव वर आणि मोठ्या अक्षरात राहील. यावर ते म्हणाले, "लई मोठं टाका." अशा बोलण्याचाच मला राग येतो.

९. शरभ मृत्युपत्राने दिला नसल्यामुळे हिंदुरावांना यातून काहीच मिळत नाही, म्हणून त्यांना साक्ष करता येते, असे सिद्धेश्वरीने दाखवून दिले. म्हणजे साक्षही तेच करणार आणि शरभही तेच नेणार. या रांगेतही तेच पास झाले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. खाली दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो. ती वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

ईरप्पा चन्नवीर कलशेट्टी

साक्षीदार १: हिंदुराव बाबुराव नलवडे, निवृत्त सुभेदार, बार्शी
साक्षीदार २: डॉ. सृष्टी अजिनाथ वाघमोडे, सोलापूर

स्थळ: सोलापूर
दिनांक: २० जानेवारी २०२५

सह्यांनंतरची नोंद, माझ्या सांगण्यावरून: साक्षीदार एक यांचे अक्षर, माझा हात धडधाकट होता तेव्हाच्या माझ्या अक्षरापेक्षाही वळणदार आहे, हे आज प्रथमच पाहिले. उद्यापासून शरभ या अक्षरात चालणार. बघवत नाही, पण बघणार आहे.