निवासी कामगार

३ मार्च
कोळसा कंपनीला शंभर वर्षं! गौरवग्रंथ आमची एजन्सी काढणार, लिहिणार मी. जुन्या कागदांचे पाच खोके सकाळी निघाले, घोडबंदरच्या जॅममधून संध्याकाळी पोचले.

५ मार्च
पहिली वीस वर्षं खाणीत कैदीच होते. तुरुंगातून ठेक्यानं आणलेले. पायात बेड्या, बारा-बारा तास जमिनीखाली. आमचे विनीत सर म्हणाले, "अक्षदा, 'कैदी' फार निगेटिव्ह वाटतं गं. 'निवासी कामगार' लिही."
बरोबरच आहे — निवास तर होताच, कुलपासकट!

९ मार्च
१९२७चा अहवाल. खाणीत वायूचा स्फोट, आठ दिवस काम बंद. गाडे ओढणारे तीन घोडे मेले — राणी, मोती, बादल. माणसांची नावं नाहीत. नुसतं "कैदी, ३८".
सरांना घोडे आवडले. "ह्यूमन टच आहे!"

१२ मार्च
शेवटच्या खोक्यात मेलेल्यांची यादी मिळाली. चोविसावा — देवराम, कोळी, कोलशेत. मीठचोरी, तीन महिने.
ऑफिसात चहा देणाऱ्या हौसाबाई कोलशेतच्याच. सहज वाचून दाखवलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला.
"गो बाय, यो माजा आजा! मिठापायी पकरला तवा आजी पोटुशी व्हती."
सजा संपली तरी माणूस परतला नाही. बाईच्या नादानं पळाला, असंच सगळे समजले. "आजी मरेपरत कुकू लावाची. गाव हसाचा तिला."
मग म्हणाल्या, "छापशील ना नाव?"

१३ मार्च
सरांकडे अडतीस नावांसाठी एक पान मागितलं. पान नाही म्हणे. चेअरमनसाहेबांच्या कुत्र्याला आहे, पूर्ण रंगीत!

१७ मार्च
नावं घालूनच फाईल सरांना पाठवली. सर ओरडले, "नोकरी नकोय का तुला?" नावं निघाली. घोडे राहिले. नोकरीचं सोमवारी ठरेल.

१८ मार्च
खोके परत भरताना यादीच्या मागे चिकटलेला कागद सुटला. देवरामच्या सुटकेचा हुकूम. तारीख स्फोटाच्या सात आठवडे आधीची. कोपऱ्यात मॅनेजरचा शेरा — "माणसं कमी आहेत. तूर्त कळवू नये."
कागद घेऊन कोलशेतला हौसाबाईंच्या घरी गेले. अंगणात उभी राहून, गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचला.