लोकर, सोनं आणि सरकारी पाहुणा

१२ जून, सकाळी ६.१०

सर्टिफिकेटची फ्रेम चुलीवरच्या भिंतीवर ठोकत होतो. खिळा वाकला. दुसरा ठोकला. आता सरळ आहे. 'नदीतील सुवर्णशोध (प्राथमिक) : उत्तीर्ण.' झुगदिदीला तीन आठवड्यांचा कोर्स केला. वर्गात खरी डोंगरातली नदी पाहिलेला मी एकटाच. तरी नंबर तिसरा.

आईने विचारलं, यात सोनं कुठे आहे? म्हटलं, अगं, हा पाया आहे. म्हणाली, पायाला फ्रेम कशाला?

दुपारी

तारासीकाकांकडे गेलो. त्यांची मुलगी दारिको मला पसंत आहे, मी दारिकोला पसंत आहे, काकांना मी पसंत नाही. आज स्पष्टच बोलले. क्विरिकेच्या जत्रेपर्यंत, म्हणजे २८ जुलैपर्यंत, आपल्या एंगुरी नदीतून स्वतःच्या हाताने अंगठीपुरतं सोनं काढून दाखव. नाहीतर दारिको कुतायसीला मावशीकडे जाणार. मावशीने तिथे एक दंतवैद्य हेरून ठेवला आहे.

सर्टिफिकेटची झेरॉक्स दाखवली. काका म्हणाले, "हे बोटात कसं घालतात रे?"

निघताना त्यांनी मेंढीचं एक कातडं दिलं. उधार. म्हणजे आतून होकार आहे.

१५ जून

कातडं लोकर वर करून फळीवर ठोकलं, नदीच्या वळणावर बुडवलं, वर दगड ठेवले. रेती वाहून जाते, सोन्याचा चुरा लोकरीत अडकतो. आमच्याकडे हे पोरंटोरंही करतात. मी शास्त्रीय पद्धतीने केलं, इतकाच फरक.

दारिको पुलावरून ओरडली, "गेगी, फळी उलटी आहे!" उलटी नव्हती. कलती होती. ती गेल्यावर उलटी केली.

२ जुलै

चमकलं! पण अभ्रकही चमकतं. वही पाहिली : अभ्रकाचा भुगा होतो, सोनं चेपतं. दाताने तपासलं. पहिल्या कणाचा भुगा झाला. दुसरा चेपला, पण गिळला गेला. तिसरा खडा निघाला. उजवीकडची दाढ दुखते आहे. शोधकार्यात असं होतंच.

१६ जुलै

कातडं काढून सज्जात वाळत घातलं. उन्हात इतकं चमकत होतं की त्याच्याकडे बघवत नव्हतं. काका आले, लोकरीतून बोट फिरवलं आणि मला पहिल्यांदाच 'बेटा' म्हणाले. वाळलं की लगेच विंचरून घे, अंगठी होऊन वर कानातलंही होईल.

समजावून सांगितलं की कोर्सचा नियम चौदा असा आहे : नमुना अधिकाऱ्यासमोरच काढावा. मागाहून कुणी चोरीचं म्हणायला नको. लायसन्ससाठी अर्ज केला आहे. काका म्हणाले, "अरे, तुझ्या आजोबांनी कुणाकडे अर्ज केला होता?" म्हणूनच आजोबा गरीब राहिले. हे तोंडावर बोललो नाही. बेटा म्हणाले होते ना.

कातड्याला चिठ्ठी टाचली : 'सरकारी नमुना. हात लावू नये.' शुद्धलेखन दोनदा तपासलं.

२२ जुलै

अधिकारी आले नाहीत. कातडं केव्हाच वाळलं. काका रस्त्यात भेटले की फक्त हवेत कंगवा फिरवून दाखवतात. मी नमस्कार करतो.

२५ जुलै, दुपारी २

फोन आला! लायसन्सचे अधिकारी ओतार साहेब आज येणार, मुक्कामाला. आईला बजावलं : माझं लग्न त्यांच्या सहीवर आहे. घरात जे उत्तम असेल ते बाहेर काढ. निघालो थांब्यावर.

संध्याकाळी

साहेब चुलीजवळच्या खुर्चीत बसले आहेत. त्यांच्या पाठीखाली माझं कातडं आहे. पांढरं, मऊ, फुललेलं.

स्वयंपाकघरात आईला विचारलं. ती म्हणाली, उत्तम तेवढंच होतं. कठड्यावर टाकून काठीने चांगलं झोडपलं. केवढी धूळ निघाली म्हणून सांगू! अगं, पण त्यात सोनं होतं! ती म्हणाली, आठवडाभर वाळत होतं, मला वाटलं विंचरून झालं. न विंचरता कोण ठेवतं? चिठ्ठी? ती ड्रॉवरमध्ये नीट ठेवली आहे. पाहुण्याच्या पाठीला टाचणी टोचली असती.

सज्जाखाली बघून आलो. उतार, खाजरी झुडपं, त्यापुढे नदी. वारा होता.

लोकरीच्या मुळाशी थोडं उरलं असेल. पण पाहुण्याला उठवायचं कसं? आमच्याकडे पाहुणा बसला की बसला. साहेबांनी प्याला उचलला : शांततेसाठी, माझ्या आईसाठी, गेलेल्या माणसांसाठी, मग माझ्या होणाऱ्या बायकोसाठी. दर वेळी उभा राहिलो. खुर्ची ऊबदार आहे म्हणून साहेब तिथेच टेकून झोपले. कोटासकट.

२६ जुलै, सकाळी ९

साहेबांनी नमुना मागितला. उरलेली लोकर विंचरली. काही नाही. कंगवा बदलला. काही नाही. साहेब वाईट वाटून म्हणाले, मांस भरलेली कुबदारी फार छान होती, आणि अर्जावर लिहिलं : 'सदर ठिकाणी सोने आढळले नाही.' आता सदर ठिकाणी लायसन्स कुणालाच मिळणार नाही.

पोचवायला थांब्यावर गेलो. आई आणि काकाही आले. ऊन पडलं होतं. साहेब मिनीबसकडे वळले आणि त्यांच्या काळ्या कोटाची पाठ मानेपासून कमरेपर्यंत लखलखली.

म्हटलं, साहेब, कोट झटकून देऊ? ते म्हणाले, "राहू दे रे, धूळच आहे. डोंगराची आठवण." दार लागलं.

काका म्हणाले, "बघ गेगी. चालली तुझी अंगठी."

बेटा म्हणाले नाहीत.

२८ जुलै

जत्रेला गेलो नाही. दारिको सकाळच्या गाडीने कुतायसीला गेली. खिडकीतून हात केला. मीही केला, पण तोवर गाडी वळली होती.

हिशेब.
कोर्स : १८० लारी.
फ्रेम : १२.
खिळे, वाकलेला धरून : ३.
अर्जाची फी : २५.
साहेबांसाठी मांस आणि दारू : ४०.
एकूण खर्च : २६० लारी.
देणं : तारासीकाकांचं कातडं, ३५ लारी. ते म्हणतात परतच दे, पण झोडपू नकोस.
मिळालेलं सोनं : एक कण. गिळला.
दाढ : खर्च अजून नाही. काढावी लागणार म्हणतात. चांगला दंतवैद्य कुतायसीलाच आहे.