तळ्यात सोडलेले सात सकर

१२ जून २०२२, रविवार
आज सत्कार्य. टाकीतले चार सकर मासे बादलीतून गावाबाहेरच्या तळ्यात सोडले. काच चाटून साफ ठेवतात म्हणून दुकानदाराने बोटभर दिले होते, ते हातभर झाले. शेजारच्या अंबूताईंचेही तीन नेले. त्या किती खूश! भारती म्हणाली, परदेशी मासे असे सोडू नयेत, पेपरात आलं होतं. मी बायकोला एवढंच विचारलं, धारवाडच्या हायस्कुलात बत्तीस वर्षं विज्ञान कोणी शिकवलं? ती आत निघून गेली. पटलं असावं.

३ मार्च २०२५
तळ्याकडे फिरायला. भीमराव फाटकं जाळं घेऊन बसलेला. जन्म या तळ्यावर मासे धरण्यात गेला त्याचा. जाळ्यात मरळ एक, कटला दोन, बाकी सगळे काळे, खवल्यांचं चिलखत घातलेले सकर. काटे असे की जाळं चिरतात. बाजारात कुणी हात लावत नाही. काठाला बिळंसुद्धा केलीत. त्याने विचारलं, सर, हे कुठून आले? म्हटलं, क्लायमेट चेंज. उत्तर शास्त्रीय होतं.

४ मार्च
सात माशांनी एवढं होणं अशक्य. इतरांनीही सोडले असणार. माझे बहुधा पहिल्याच आठवड्यात मेले. जेवण गेलं नाही. पित्त.

९ मार्च
'तळे वाचवा' समिती स्थापन. अध्यक्ष मी, सर्वानुमते. (भारती तटस्थ.) मत्स्य खात्याला कडक पत्र लिहिलं: बेजबाबदार इसमाचा शोध घ्यावा. पत्र उत्तम उतरलंय. पाठवलं नाही.

१६ मार्च
स्वतःच सगळे सकर पकडायचे ठरवलं. सकाळी सहा ते अकरा गळ टाकून बसलो. शून्य. भीमराव हसला, हे शेवाळ खाणारे, सर, गळाला कशाला लागतील? त्याच्या जाळ्यातला एक सोडवायला गेलो, तर काटा अंगठ्यात. त्याने आपलं उपरणं फाडून बांधलं. तेव्हाच सांगणार होतो. पण अंगठा फार दुखत होता.

२ एप्रिल
भीमराव घरी आला. मासे धरणं सोडलं. बेलूरच्या एका फॅक्टरीत वॉचमनची जागा आहे, अर्ज लिहून द्या म्हणाला. वय चोपन्न. आजवर काय काम केलं, या ओळीशी माझं पेन थांबलं. भारती चहा घेऊन दारातच उभी. शेवटी सांगून टाकलं. म्हटलं, भीमराव, ते मासे मी सोडले.
तो म्हणाला, "हौद्री सर, होय, ठाऊक आहे. मी त्या दिवशी पलीकडच्या काठावरच होतो."
मग अडवलं का नाहीस?
"तुम्ही विज्ञानाचे सर. म्हटलं, चांगलेच मासे असतील."
अर्ज दोनदा लिहावा लागला. पहिल्यांदा अक्षर फार वाईट आलं.